पागार, बुस्कार, उतिलिसार: सब्जंक्टिव्हमध्ये स्पेलिंग का बदलतं?

व्हिडिओत उच्चार ऐकलेत, आता वही-पेन घ्या.

मेक्सिकोतल्या एका ग्राहकाकडे माझं पेमेंट अडकलं होतं. मी स्पॅनिशमध्ये मेल लिहिली, 'शुक्रवारपर्यंत पैसे भरावेत.' पण 'पागे' लिहिताना जी नंतरचा यू विसरलो. वाचायला झालं 'पाहे'! नेमका पैशाचाच शब्द चुकला.

विनंती, इच्छा, आशा आली की सब्जंक्टिव्ह. आपलं 'भरावं, शोधावं' तसंच. ए-आर शेवट असलेल्या क्रियापदाला इथे ई लागतो, आणि घोळ तिथेच होतो. मराठीत 'क'ला कुठलीही मात्रा लावा, तो 'क'च राहतो. स्पॅनिशमध्ये मात्र ई समोर आला की सी चा 'स' होतो, जी चा 'ह' होतो. म्हणून उच्चार टिकवायला स्पेलिंग बदलायचं.

१. शेवट सी-ए-आर: सी जाऊन क्यू-यू. बुस्कार (शोधणे) – बुस्के.
२. शेवट जी-ए-आर: जी नंतर यू. पागार (पैसे भरणे) – पागे. हा यू बोलायचा नाही, फक्त लिहायचा.
३. शेवट झेड-ए-आर: झेड जाऊन सी. उतिलिसार (वापरणे) – उतिलिसे. कारण स्पॅनिशमध्ये ई च्या आधी सहसा झेड लिहीत नाहीत.

हा बदल सहाही रूपांत होतो, एकही सुटत नाही.

होमवर्क: साकार (बाहेर काढणे), येगार (पोहोचणे), ओर्गानिसार (आयोजन करणे). आधी शेवटची तीन अक्षरं बघा, मग लिहा. पुढची वसुलीची मेल बिनधास्त पाठवा!