बदललेली किडनी आणि झोपलेला विषाणू

मुंबईत किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न १९६५ साली केईएम रुग्णालयात झाला. आज आपल्या वस्त्यांतही किडनी बदललेले रुग्ण भेटतात. किडनी बहुधा आईची नाहीतर पत्नीची असते.

शरीर नव्या किडनीला परकी समजून तिच्यावर हल्ला करते. म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. पण त्यामुळेच लहानपणापासून शरीरात झोपलेला ‘बीके’ विषाणू जागा होऊ शकतो. १९७१ साली लंडनमध्ये एका किडनी बदललेल्या रुग्णाच्या लघवीत तो प्रथम सापडला.

दोन्हींत क्रिएटिनिन वाढते. अनेकदा ना ताप, ना दुखणे. उपचार मात्र उलटे: शरीराचा हल्ला असेल तर औषध वाढवतात, विषाणू असेल तर कमी करतात. बीकेवर खात्रीचे औषध अजून नाही. फरक रक्ताची पीसीआर तपासणी आणि बायोप्सीच सांगते.

म्हणून पहिली दोन वर्षे सांगितलेली प्रत्येक तपासणी करा. गोळ्यांना पैसे कमी पडले तर डॉक्टरांना, मेडिकल सोशल वर्करला सांगा. डोस स्वतः अर्धा करू नका, अंगारा-ताईत नकोच. दुःखाचे कारण आधी शोधा, हीच बुद्धांची शिकवण.

नमो बुद्धाय!