एकटा मासा की माशांचा थवा?

कळमेश्वरहून नागपूरला गेलात आणि फिशटँकचं दुकान दिसलं, की "प्रत्येक रंगाचा एकेक द्या" असं म्हणावंसं वाटतं ना? जरा थांबा.

झेब्रा डॅनियो हा आपल्या भारतातलाच मासा. हॅमिल्टन यांनी गंगेतील माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याचं वर्णन केलं. तो थव्याने राहतो. थव्यातला एक नेमका मासा हेरणं शत्रूला अवघड जातं, शिवाय अनेक डोळ्यांना धोका लवकर दिसतो. एकटा पडला की तो बुजतो, कोपरा धरतो, नीट खात नाही. मग सोबतीला गप्पी सोडले तर? नाही चालत! त्याला त्याच्याच जातीचे सोबती हवेत, निदान पाच-सहा. निऑन टेट्राचंही तसंच.

फायटरचा नर मात्र उलटा. दुसरा नर दिसला की मारामारी! तो एकटाच बरा.

आता आपल्याकडचा उन्हाळा आठवा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. छोट्या बरणीत सहा डॅनियो कोंबले तर ती सोबत कसली, ते गुदमरतील. दोन फुटी टाकी आणि एअर पंप ठेवायला जागा नसेल, तर डॅनियो आणूच नका. एक फायटर पाळा, पण तोही झाकणाच्या टाकीत. बेटा उड्या मारतो.