लोकसंख्येचा नकाशा रंगवताना

जनगणनेचे आकडे सर्वांना खुले असतात, पण जिल्ह्यांची लांबलचक यादी वाचून डोळ्यांपुढे चित्र उभे राहत नाही. तेच आकडे नकाशावर रंगाच्या छटांनी दाखवले की ते एका दृष्टिक्षेपात समजतात. अशा नकाशाला क्षेत्रघनी नकाशा म्हणतात. २०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राचा असा नकाशा आपणच तयार करू या. (त्या वेळी जिल्हे ३५ होते, पालघर ठाण्यातून २०१४ मध्ये वेगळा झाला.)

पहिला प्रश्न असा की, छटा कशावरून ठरवायची? एकूण लोकसंख्येवरून ठरवली, तर अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) गडद येईल, कारण तेथे ४५,४३,१५९ माणसे होती; मुंबई शहर जिल्हा मात्र ३०,८५,४११ माणसांमुळे त्याहून फिकट. मुंबईची लोकल पाहिलेला कोणीही या नकाशाला हसेल! खरी गोम क्षेत्रफळात आहे. अहमदनगर १७,०४८ चौरस किलोमीटरचे, तर मुंबई शहर अवघे १५७. म्हणून लोकसंख्येला क्षेत्रफळाने भागून घनता काढावी. ती अहमदनगरची २६६ आणि मुंबई शहराची १९,६५२ येते.

आता छटांचे गट पाडू. सर्वांत जास्त घनता मुंबई उपनगराची, २०,९८०. तेव्हा ० ते २१,००० चे पाच सारखे भाग करावेत असे सहज वाटते. करून पाहा. दोन्ही मुंबई सोडल्या तर उरलेले सर्व ३३ जिल्हे पहिल्याच गटात पडतात! ठाणे (१,१५७) आणि गडचिरोली (७४) एकाच रंगाचे दिसतात. आकडे खरे, गणित बरोबर, तरीही नकाशा काही सांगत नाही. त्याऐवजी १००, २००, ४००, १,००० अशा सीमा घ्या. मग गडचिरोली, सिंधुदुर्ग (१६३), अहमदनगर, पुणे (६०३) आणि ठाणे पाच वेगवेगळ्या छटांत येतात. गटांच्या सीमा नकाशाच्या सूचीत लिहिलेल्या असतात; दुसऱ्याचा नकाशा वाचताना आधी तिकडे पाहावे.

या फरकावर पुष्कळ काही अवलंबून असते. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३०,००० लोकांमागे व डोंगराळ किंवा आदिवासी भागात २०,००० लोकांमागे एक, असा सरकारी निकष आहे. अहमदनगरच्या घनतेने ३०,००० माणसे सुमारे ११३ चौरस किलोमीटरमध्ये मावतात. गडचिरोलीत मात्र २०,००० माणसांनाच २७० चौरस किलोमीटर लागतात. आजाऱ्याला किती चालावे लागेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

अर्थात ही सरासरी झाली. जिल्हाभर एकच छटा दिल्याने दाट अरण्य आणि नदीकाठची गावे सारखीच रंगतात. त्यासाठी टिंब पद्धत वापरून पाहा. एका टिंबाला १०,००० माणसे धरली, तर गडचिरोलीत १०७ टिंबे येतील. तेथील बारा तालुक्यांत ती कशी वाटायची, हे जनगणनेचे तालुकावार आकडे मिळवून ठरवा.