बॉम्बफेकी विमानाला खिडक्या कशा आल्या?

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत प्रवासी विमानाला एकावर एक असे दोन पंख दिसतात. असलं सुरुवातीचं एक मोठं विमान फ्रान्सचं होतं, असं वाचलं. ते मुळात प्रवाशांसाठीच बनवलं होतं का? दोन पंख कशाला लागायचे? आणि आपल्याकडे असलं विमान कधी आलं का?
– एक वाचक, विसरवाडी (ता. नवापूर)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बहुधा ‘फार्मान एफ-६० गोलियाथ’ या विमानाबद्दल. प्रवाशांचा विचार ते बनवताना कुणाच्या डोक्यातही नव्हता. १९१८ साली ते आखलं गेलं ते रात्री जर्मनांवर बॉम्ब टाकायला. विमान तयार होईतो नोव्हेंबर उजाडला, पहिलं महायुद्ध थांबलं आणि गिऱ्हाईकच गेलं.

ते बनवणारे आँरी आणि मोरिस फार्मान हे भाऊ एका इंग्रज पत्रकाराचे मुलगे, पण वाढले पॅरिसमध्ये. आधी सायकलच्या शर्यती, मग मोटारींच्या, मग विमानं. १३ जानेवारी १९०८ रोजी आँरीने पॅरिसजवळ एक किलोमीटरचा फेरा हवेत पुरा करून ५०,००० फ्रँकचं बक्षीस मारलं. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचं दोनपंखी विमान काढलं आणि ते इतकं चाललं की निम्म्या जगाने त्याची नक्कल केली. असे धंदेवाईक लोक युद्ध संपलं म्हणून हात चोळत बसणार नव्हते. गोलियाथचं पोट सरळ बाजूंचं, चौकोनी आणि ऐसपैस होतं. त्यात बॉम्बऐवजी खुर्च्या मांडल्या, बाजूंना मोठ्या खिडक्या काढल्या. १२ ते १४ माणसांची सोय झाली.

८ फेब्रुवारी १९१९ रोजी लुसियाँ बोसुत्रो या वैमानिकाने डझनभर माणसं घेऊन पॅरिसजवळच्या तूसू-ल-नोब्लहून लंडनजवळचं केन्ली गाठलं. खाजगी उड्डाणांना तेव्हा बंदी होती. त्यावर तोड अशी काढली की प्रवासी म्हणून माजी लष्करी वैमानिकच घेतले, त्यांना गणवेश चढवले आणि हाती कामगिरीचे हुकूम दिले. कागदोपत्री सगळं सरकारी! अशा युक्त्या आपल्यालाच सुचतात, असं समजायचं कारण नाही. पुढच्या वर्षी, २९ मार्च १९२० पासून, गोलियाथ पॅरिस–लंडन मार्गावर नियमित धावू लागलं.

आता पंखांबद्दल. इंजिनं दोन, प्रत्येकी सुमारे २६० अश्वशक्तीची. आज कोंडाईबारी घाट चढणाऱ्या ट्रेलरलाही साधारण एवढं एक इंजिन असतं. वेग ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. इतक्या कमी वेगात एवढं ओझं उचलून धरायचं तर पंखांचं क्षेत्रफळ भरपूर हवं. सगळं क्षेत्रफळ एकाच पंखात घालायचं तर पंख फार लांब होणार, आणि लाकडाचा लांब, पातळ पंख मुळाशी मोडणार. म्हणून दोन पंख एकावर एक घेतले, मधे उभे दांडे लावले आणि तिरक्या तारा ताणून बांधल्या. तापी ओलांडणारा रेल्वेचा लोखंडी जाळीचा पूल आठवा : वरची पट्टी, खालची पट्टी आणि मधल्या तिरक्या सळया मिळून जी ताकद येते, तीच इथे. पंखांवर लोखंडी पत्रा नव्हे, ताणलेलं कापड. ते घट्ट ताणलेलं राहावं म्हणून त्यावर लेप दिलेला. एवढं करूनही गोलियाथचा पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेसव्वीस मीटर भरला.

या रचनेची किंमत मोजावी लागायचीच. दोन पंख एकमेकांची हवा बिघडवतात, त्यामुळे उचल दुप्पट मिळत नाही. आणि दांडे-तारा वाऱ्याला अडवतात ते वेगळंच. खरं तर गोलियाथ जन्मतःच जुनं होतं. त्याच १९१९ साली जर्मनीत युंकर्सचं एफ-१३ उडालं : संपूर्ण धातूचं, एकपंखी, बाहेर एकही तार नाही. फक्त त्यात चारच प्रवासी बसत. गोलियाथ मात्र १९२०चं दशकभर कामाला होतं, बेल्जियम आणि चेकोस्लोव्हाकियातसुद्धा. माझ्या मते त्याचं मोठेपण तंत्रापेक्षा तयार मिळण्यात होतं.

आतली बैठक मजेशीर होती. वेताच्या खुर्च्या, आणि काही प्रवासी चक्क वैमानिकाच्या पुढे, विमानाच्या नाकात, काचेपाशी. वैमानिक मधे, उघड्यावर, पावसात भिजत. तिकीट काढलेल्याला छप्पर आणि चालवणाऱ्याला नाही, ही व्यवस्था तेव्हा कुणाला खटकत नसे.

वाट शोधायची ती खाली बघून, रस्ता किंवा रूळ धरून. त्यातूनच ७ एप्रिल १९२२ रोजी उत्तर फ्रान्समध्ये अनर्थ घडला. खराब हवेत एक गोलियाथ आणि समोरून येणारं, तेव्हा टपाल नेत असलेलं इंग्रज प्रवासी विमान एकाच रस्त्यावरून, कमी उंचीवर उडत होती. ती समोरासमोर धडकली आणि दोन्हींतली मिळून सातही माणसं गेली. दोन प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. त्यानंतर अशा मार्गावर उजवी बाजू धरायची, असं ठरवलं गेलं.

आपल्याकडे? फार्मानच्या घराण्यातलं विमान गोलियाथच्याही आधी येऊन गेलं. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आँरी पेके या फ्रेंच तरुणाने अलाहाबादच्या प्रदर्शनातून सुमारे ६,५०० पत्रं यमुनेपार नैनीला नेली, जेमतेम १३ मिनिटांत. त्याचं दोनपंखी विमान रॉजे सोमेरच्या आराखड्याचं होतं, आणि सोमेर उडायला शिकला होता फार्मानच्याच विमानावर.

महाराष्ट्राचा धागा जे. आर. डी. टाटांचा. जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच, विमानाचं वेड फ्रान्सच्याच किनाऱ्यावर लागलेलं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन उतरले ते मात्र एकपंखी पस मॉथमधून. टाटांच्या ताफ्यात पुढे ड्रॅगन रॅपिड हे लाकूड-कापडाचं दोनपंखी प्रवासी विमानही आलं, पण ते इंग्रजी बनावटीचं. तेव्हाचं जुहू म्हणजे चिखलाचं मैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली गेलं की विमानांचा मुक्काम पुण्यात, येरवडा तुरुंगाच्या शेजारच्या मैदानावर हलायचा.

गोलियाथ बघायचंच असेल तर पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळावरच्या संग्रहालयात त्याचं धड ठेवलेलं आहे. पंख मात्र उरलेले नाहीत.