लाकडी कुंपणाला कोणता रंग लावावा?

कुंपणावर तैलरंगाचा जाड थर चकचकीत दिसतो. पण आपल्या बेळगावच्या पावसात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते. थराला भेगा पडतात आणि आत शिरलेले पाणी लाकूड कुजवते. म्हणून आम्ही लाकडात मुरणारा तेलाचा स्टेन सुचवतो. तो रंगीतच घ्यावा; बिनरंगी स्टेनमधून ऊन आत पोहोचते व लाकूड लवकर करडे पडते.

दिवाळीनंतर सुकलेल्या फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा. ते मुरले तर स्टेनही मुरेल. फळ्यांची कापलेली टोके विसरू नका. पाणी तिथूनच जास्त शोषले जाते.

पालकांना विनंती : जवसाच्या तेलाचा स्टेन पुसलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.