भुर्जी करू या, बलकासकट



कर्नाटकातील शासकीय व अनुदानित शाळांत २०२४ साली आठवड्याचे सहाही दिवस अंडे देण्यास सुरुवात झाली. अंडे न खाणाऱ्यांसाठी केळे असते. पण जेवणानंतर ताटे पाहिली की आम्हाला वाईट वाटते. पांढरे संपलेले असते आणि बलक तसाच पडलेला! 'वास येतो', 'चरबी वाढते' ही मुलांची ठरलेली कारणे.

आपण काय टाकतो ते पाहू. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. त्यांपैकी जवळजवळ ४० टक्के बलकात असतात. अ आणि ड जीवनसत्त्वे, बहुतेक ब-१२ व मेंदूला लागणारे कोलीनही बलकातच. म्हणजे बलक टाकणारा अर्धे अंडेच खातो. बलकात कोलेस्टेरॉल असते हे खरे. पण निरोगी मुलाला रोजच्या एका अंड्याने अपाय होत नाही. मधुमेह वा हृदयविकार असलेल्या आजी-आजोबांनी मात्र डॉक्टरांना विचारावे.

ज्यांना बलक आवडत नाही, त्यांच्यासाठी घरी भुर्जी हा चांगला उपाय. चौघांसाठी ४ अंडी, २ कांदे, १ टोमॅटो, हिरवी मिरची, हळद, कोथिंबीर व चवीपुरते मीठ घ्यावे. तेल दोन चहाचे चमचे पुरे. कांदा मऊ झाला की टोमॅटो परतावा. प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडून पाहावे, मग सर्व फेटून मंद आचेवर घालावे व हलवत राहावे. पातळपणा संपला की लगेच उतरवावे. फार परतल्यास भुर्जी चिवट होते. कच्ची राहिल्यास पोट बिघडण्याची भीती. कवचाला हात लागल्यावर साबणाने हात धुवावेत.

अंड्यात क जीवनसत्त्व आणि चोथा नसतो. म्हणून वर लिंबू पिळावे आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी घ्यावी. डब्यात दिल्यास दोन तासांच्या आत संपवावी.

ज्या घरी अंडे चालत नाही, त्यांनी याच पद्धतीने पनीरची भुर्जी करावी.

गृहपाठ : अंडे पाण्यात सोडा. ताजे तळाशी आडवे बसते, जुने उभे राहते किंवा तरंगते. असे का होते? उत्तर वहीत लिहून आणा.