अस्वलाला राग येतो तेव्हा

डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. टेबलाभोवती चार-पाच जण, गोष्ट पुढे नेणारा एक डीएम, फासे आणि भरपूर बडबड, एवढ्यावर तो चालतो. त्यात ड्रुइड जनावराचं रूप घेतो आणि बार्बेरियन संतापून लढतो. मला दोन्ही हवं होतं, म्हणून मी मल्टिक्लास केलं. आम्ही अजून २०१४चेच नियम धरून खेळतो. त्या संतापलेल्या अस्वलाच्या कातड्यात राहून जे उमगलं, ते असं.

१. हिशेबाची नशा चढते. सर्कल ऑफ द मून या पंथाच्या ड्रुइडला दुसऱ्याच लेव्हलला तपकिरी अस्वल होता येतं. अस्वलाचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ३४, आणि ते आपल्या स्वतःच्या हिट पॉइंटांपेक्षा वेगळे. त्यावर बार्बेरियनची एक लेव्हल चढवली की रेज, म्हणजे तो संताप, मिळतो. रेजमध्ये तलवार, बाण, गदा यांचा मार निम्माच लागतो. म्हणजे ३४चे झाले ६८! अस्वल पडलंच, तर उरलासुरला मार खाऊन आतली मी पुन्हा उभी. शाळेत गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघणारी मी, वहीत अस्वलाची कोष्टकं मांडत बसायला लागले. या बेरजेत वजाबाक्याही आहेत, हे टेबलावर बसल्यावर दिसायला लागलं.

२. एका दमात माणूस दोनदा बदलत नाही. अस्वल होणं ही बोनस ॲक्शन, संतापणं हीसुद्धा बोनस ॲक्शन, आणि एका टर्नमध्ये बोनस ॲक्शन मिळते एकच. आधी रूप की आधी राग? या प्रश्नावर मी इतका विचार केलाय, जितका नोकरी बदलतानाही केला नव्हता. शेवटी ठरवलं, दाराबाहेरच अस्वल होऊन घ्यायचं. रूप तासभर टिकतं. राग मात्र फार तर एक मिनिट. म्हणून तो आत शिरेपर्यंत राखून ठेवायचा. राग राखून ठेवता येतो, ही कल्पना आमच्या घरी कुणाला पटणार नाही.

३. रागाला सतत खाद्य लागतं. आपल्या मागच्या टर्नपासून शत्रूवर हल्लाही केला नसेल आणि आपल्याला काही लागलंही नसेल, तर टर्न संपताना रेज विझतो. एक राउंड म्हणजे सहा सेकंद. तेवढ्यात कुणाला तरी मारायचं किंवा कुणाचा तरी मार खायचा. शत्रू दूरच्या कड्यावर, मी खाली चार पायांवर धावतेय, आणि तो शहाणा माझ्यावर बाणही सोडत नाही. अशा वेळी मी मनातल्या मनात हात जोडते, ‘एक तरी बाण मार रे बाबा!’ संतापलेला प्राणी आपल्या शत्रूवर इतका अवलंबून असतो, हे मला कुठल्याही प्रवचनातून असं उमगलं नव्हतं.

४. राग आला की शिकलेलं सगळं बाहेर राहतं. ड्रुइडकडे मंत्र असतात, आणि रेजमध्ये मंत्र म्हणता येत नाहीत. वर आधी म्हटलेल्या मंत्रावरचं कॉन्सन्ट्रेशनही तुटतं. मी वेली उगवून शत्रूचे पाय जखडून ठेवते, मग अस्वल होते; वेली टिकतात. मग संतापते, आणि वेली नाहीशा. मोकळे झालेले शत्रू माझ्याकडे मोठ्या कृतज्ञतेनं बघत असावेत. एक पळवाट आहे. न वापरलेल्या मंत्रांची ताकद खर्चून अस्वलाला आपल्या जखमा भरता येतात, आणि हा उपाय मंत्र धरला जात नसल्यामुळे रागातही चालतो. विद्येचा एवढाच उपयोग उरतो, पण तो उरतो.

५. शहाणपण शाबूत राहतं, जीभ जाते. हे मला सगळ्यात जड गेलं. अंगाची ताकद अस्वलाची, पण बुद्धी आणि शहाणपण माझंच. मुळात ही जोडी जमवायलाच नियम दोन्ही मागतात: शक्ती किमान १३ आणि शहाणपणही किमान १३. म्हणजे सापळा कुठे आहे ते मला कळतं, समोरचा खोटं बोलतोय तेही कळतं, फक्त सांगता येत नाही. मी तोंड उघडलं की डीएम म्हणतो, ‘अगं, तू अस्वल आहेस.’ टेबलावर सगळ्यांच्या वाट्याचं बोलणारी मी, गुरगुरून आणि पंजानं दाखवून दिवस काढायला लागले. तेव्हा लक्षात आलं, आमच्यातला जो मुलगा कधी काही सुचवत नाही असं मला वाटायचं, त्याच्याकडे बेत तयारच असायचे. त्याला मध्ये शिरायला जागा मिळत नव्हती. आता मी कधीकधी गरज नसतानाही अस्वल होते. त्यामागचं कारण मी टेबलावर सांगितलेलं नाही.

६. दोन वाटांवर चालणारा दोन्हीकडे उशिरा पोचतो. ड्रुइडच्या सहाव्या लेव्हलला ध्रुवीय अस्वल मिळतं. बार्बेरियनच्या तीन लेव्हल घेतल्या, तर एक मानसिक मार सोडून जवळजवळ प्रत्येक मार निम्मा करण्याची सोय होते, पण ते पांढरं अस्वल थेट नवव्या लेव्हलवर जातं. शिवाय कोष्टकं कायमची नसतात. २०२४च्या नियमांत रूपाबरोबर वेगळे हिट पॉइंट येत नाहीत. मून ड्रुइडला लेव्हलच्या तिप्पट तात्पुरते मिळतात. तिसऱ्या लेव्हलला नऊ. कुठे ३४ आणि कुठे नऊ! आम्ही जुनेच नियम धरून बसलोय, त्याला तात्त्विक कारणं पुष्कळ देता येतील. खरं कारण माझी वही.

७. जुन्या गोष्टी नियमांपेक्षा कडक आहेत. संतापून जनावर होणारी माणसं आइसलँडच्या सागांमध्ये जागोजाग भेटतात. एगिलच्या सागेत क्वेल्डुल्फ नावाचा म्हातारा आहे. संध्याकाळ झाली की तो रूप बदलतो अशी लोकांत बोलवा. सूडाच्या लढाईत तो बेभान होऊन लढतो, नंतर अंथरूण धरतो आणि आइसलँडच्या वाटेवर जहाजातच मरतो. सागाच सांगते, की असे लोक आवेश ओसरला की एरवीपेक्षाही दुबळे होतात. खेळात बर्सर्कर पंथाची फ्रेंझी वापरली तर थकव्याची एक पायरी चढते. माझ्या अस्वलाला मात्र मिनिट संपल्यावर काहीच होत नाही. ते मला बरं वाटेना. म्हणून नियमात नसताना, लढाई संपली की माझं पात्र खाली बसतं. लूट मोजायला जात नाही, पुढच्या दाराशी आधी मी म्हणून भांडत नाही. बाकीचे म्हणतात, हा शुद्ध आळस आहे. असेलही. पण माझ्या वाटणीची लूट त्यांनीच मोजून द्यायची, हे आता टेबलावर ठरूनच गेलंय.